पानाच्या खालची भुरी

३ फेब्रुवारी, सकाळी ७
बायको मुलीकडे गेली त्याला आज आठवडा झाला. चार दिवसांसाठी गेली होती. रागावून वगैरे गेलेली नाही. आदल्या दिवशी व्याह्यांसमोर मी एवढंच म्हणालो होतो, की शेडनेटमध्ये हिला असं काय काम असतं, पाणी सोडायचं आणि बसायचं. थट्टेत म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही, पण ती तशीही कमीच हसते. स्वेटरसकट अख्खं कपाट नेलंय. मुलीकडे थंडी असेल.
संकल्प : ती येईपर्यंत घरामागचं हिरव्या जाळीचं शेडनेट मी सांभाळणार. सहा ओळी ढोबळी मिरची, चार ओळी टोमॅटो. बत्तीस वर्षं ऑफिस सांभाळलं, ही तर नुसती झाडं. रजासुद्धा मागत नाहीत.
असं पीक आणतो की बघून ती परत जायचं नावच काढणार नाही.

६ फेब्रुवारी
टोमॅटोच्या पानांवर पांढरी पूड. वरून पीठ चाळल्यासारखी. पुढे रस्त्याचं काम चालू आहे, त्याची धूळ. जुन्या बनियनने एकेक पान पुसलं. हात लागलाच आहे तर मिरचीचीही पुसली. कंबरेचे तीनतेरा. पण झाडं काय चमकत होती! फोटो पाठवला.
लगेच तिचा फोन. पान उलटून पाहिलंत का, असं विचारलं. म्हणालो, हो तर.
(पाहिलं नव्हतं. पुसलेल्या पानात बघायचं काय?)
महत्त्वाचं म्हणजे फोन तिने केला. ओढ आहे.

९ फेब्रुवारी
मिरचीच्या पानांवर पिवळे डाग. अशक्तपणा. युरिया दिला, वर दोन मुठी प्रेमाने. फोनवर तिने विचारलं, खालची पानं काढलीत का, हवा खेळायला हवी. म्हटलं, एवढं भरगच्च दिसतंय, उगाच कशाला ओरबाडायचं? तिने फोनच ठेवून दिला. मन भरून आलं असावं.

१२ फेब्रुवारी
टोमॅटोवर पूड, मिरचीवर डाग, दहाही ओळींत. मिरचीचं एक पान शेतीच्या औषधांच्या दुकानदाराला नेऊन दाखवलं. त्याने आधी ते उलटं केलं. खाली पांढरंफटक. म्हणाला, काका, ही भुरी. बुरशी आहे. मिरचीत वरून नुसता पिवळा डाग दिसतो, खरा रोग पानाखाली. पुसायला कोणी सांगितलं? त्या फडक्यानेच या झाडाची त्या झाडाला लागली.
मी म्हणालो, बायकोने सांगितलं.
हे चुकलं. पण दुकानात गर्दी होती. त्याने गंधक दिलं. कधी मारायचं तेही सांगत होता, पण मी पिशवी शोधत होतो.

१३ फेब्रुवारी, दुपारी १
फवारणी फत्ते! पानं वरून न्हाऊन निघाली. बायकोला कळवलं, भुरीचा निकाल लावला. तिने विचारलं, भर उन्हात मारलंत? म्हणालो, छे, सकाळी.

१४ फेब्रुवारी
पानं करपली. कडा तपकिरी. भुरी पानाखाली मजेत.
आज फोन केला नाही. तिनेही नाही.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला एकदा तरी खरं सांगा, कशाचंही. कशाचंही म्हणजे काय, असं विचारेपर्यंत तिने फोन ठेवला. आईवर गेलीय.
शेडनेटमध्ये जाऊन बसलो. मिरचीची फुलं खाली गळून पडली होती. हिने या रोपांचे ट्रे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले होते, खिडकीपाशी. कप ठेवायला जागा नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. तिने ट्रे मुकाट्याने बाहेर नेले. फार वाईट वाटलं.
फोन केला. सगळं सांगितलं. बनियन, युरिया, भर दुपार. दुकानात तिच्यावर ढकललं तेही. ऐकून म्हणाली, उद्या येते.
येते म्हणाली! चादरी बदलल्या. कपाटाचे रिकामे कप्पे पुसून घेतले.

१६ फेब्रुवारी
सकाळच्या बसने आली. एकच लहान पिशवी. बाकी सामान मागून येणार असेल.
चहासुद्धा न घेता शेडनेटमध्ये. मिरचीच्या तीन ओळी उपटायला लावल्या. झटकायचं नाही, अलगद पोत्यात भरायचं, तोंड बांधायचं. बाकीच्यांची खालची पानं काढली. पंपात साधं पाणी भरून माझ्या पाठीवर दिला आणि नळी खालून वर कशी धरायची ते हाताला धरून दाखवलं. सात ओळी वाचतील म्हणाली. म्हटलं, तू आहेस म्हणून. ती पुढच्या ओळीकडे वळली.
चार वाजता हात धुताना तिने माझी परीक्षा घेतली. कधी फवारायचं? सकाळी, ऊन चढायच्या आत. कुठून? पानाच्या खालून. पानं पुसायची? मेलो तरी नाही. ती हसली. खरंच हसली. म्हणाली, आता तुमचं तुम्हाला जमेल.
साडेपाचच्या बसने गेली. मुलीच्या घराजवळ एका नर्सरीत काम धरलंय. तिथे सगळे मला विचारून करतात, म्हणाली. स्टॉपवर हे सांगितलं. मी विचारलं, परत कधी. तोवर बस आली.
इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा शाबासकी दिली.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९
ऊन यायच्या आत फवारलं. खालून. सातही ओळी. नवी पानं एकेक उलटून पाहिली, स्वच्छ आहेत. पंप धुऊन ठेवला.
आज काहीच चुकलं नाही. तिला फोन काय म्हणून करायचा, तेच सुचेना.