आवाज न करणारा डबा

रवि. ४ मे
आणखी एक फोन मेला. आईची भीमगीतं त्यात होती, गेली. आईचा आवाज बसत चाललाय, पुन्हा तशी कुठून म्हणणार? ठरलं. घरातच सर्व्हर, गाणी साठवायला. छोटा, वापरलेला कॉम्प्युटर, कायम चालू. ठेवणार आईच्या कॉटशेजारी. बेलवलीच्या दोन खोल्यांत दुसरी जागा कुठंय? म्हणजे आवाज बिलकुल नको. मेहुणा नितीन म्हणतो, "दाजी, मी बघून देतो." नको. त्याने बघून दिलेला मिक्सर माळ्यावर पडलाय.

शनि. १० मे
उल्हासनगर, कॅम्प १. ऑफिसांतून निघालेल्या कॉम्प्युटरांच्या थप्प्या. वरच्या मजल्यावर जीन्सच्या शिलाई मशिनी. सिंधी दुकानदार, बोलबच्चन. "साईं, कान लगाओ. आया आवाज?" डब्याला कान लावला. काही नाही. नितीन, न बोलावता आलेला, त्यानेही लावला. "दाजी, बारीक शिट्टी येतेय. पंखा खराब आहे." अतिशहाणा! त्याच्या नाकावर टिच्चून तोच घेतला.

सोम. १२ मे
बुद्धपौर्णिमा, सुट्टी. खीर खाऊन डबा लावला. उरलेली गाणी चढवली. एकदम शांत. नितीनला मुद्दाम फोन केला. मजा आली.

बुध. १४ मे
आईला झोप नाही. "आरं, कानाशी डास गुणगुणतोय." सुनंदाचंही तेच, बायको कधी सासूच्या बाजूने नसते ती आज आहे. कॉइल लावली. लेक प्रणालीने बॅट घेऊन हॉल पालथा घातला, एक डास मेला नाही. शेजाऱ्याच्या कुंड्यांत पाणी साचतं, त्याच्याशी कडाकडा भांडलो.

शुक्र. १६ मे
प्रणालीने डब्याची पिन काढली. "आजी, डास गेला?" "गेला." लावली. "आला बघ." मग तिघी माझ्याकडे बघत बसल्या. "पप्पा, खरंच येत नाही आवाज?"
खिडक्या लावल्या, सीलिंग फॅन बंद केला, कान टेकवला. काही नाही. पोरीवर ओरडलो. मग भीती वाटली. आनंदनगरला कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात आयुष्य गेलं. कंपनी इअरप्लग देते, ते खिशात. घालणाऱ्याला आम्ही नवी नवरी म्हणून चिडवतो.

रवि. १८ मे
नितीन डब्यात नवा पंखा बसवून गेला. टोमणासुद्धा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.
सुनंदाने कानाचा डॉक्टर ठरवलाय. जातो म्हणालो नाही. कंपनीत कळलं तर लाइनवरून काढतील.
संध्याकाळी प्रणालीने आईचं जुनं गाणं लावलं. "पप्पा, आजीच्या मागे झांजा कोण वाजवतंय? मस्त!"
"तुझे आजोबा," आई म्हणाली. "जायच्या आधीचं शेवटचंच."
माहीत आहे. मीच रेकॉर्ड केलं होतं. तेव्हा झांजा ऐकू येत होत्या. आता नुसती आई.
पोरीने आवाज वाढवला. "आता?"
मी मान डोलावली.