लाल वाफेचं पुस्तक

मंगळ., ४ नोव्हें.
वाचनालयात नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला घेतली. वाचनालय चालवणाऱ्या बाई कुरकुरल्या. "चित्रांच्या पुस्तकांना खाकी? पोलिसांत भरती करताय का त्यांना?" म्हटलं, पोरांचे हात तेलकट असतात. "मग पोरांना कव्हर घाला." कव्हरांवरच्या चिठ्ठ्यांवर पुस्तकांची नावं शाईनेच लिहिली, सावकाश. उरलेली पुस्तकं पिशवीत घालून घरी आणली. नारायण पेठ ते मांजरी, बसमध्ये पिशवी मांडीवर.
जेवायला बसलो तेवढ्यात फाटकात दादाच्या गाडीचं दार आपटलं. वहिनी उठली, ओवी उठली, मी उठलो. टीव्ही बंद. रोजचंच.

गुरु., ६ नोव्हें.
दादाची ओवी पहिलीत आहे, पण बोट ठेवून मोठ्यानं वाचते. पिशवीतलं वाफेचं पुस्तक वाचलं. त्या घरात प्रत्येकाच्या डोक्यातून वाफ निघते. आजीची पिवळी, ताईची निळी, बाबांची लाल. लाल वाफ आली की मांजर पलंगाखाली. शेवटी सगळे मिळून खिडक्या उघडतात. कुणी कुणाला रागवत नाही.
ओवी मांजराच्या पानावरून पुढे जाईना. "काका, ह्या मांजराला पण माझी जागा माहितीय."
पुस्तक ठेवून घेऊ का म्हणाली. कव्हर घालून दिलं.

शनि., ८ नोव्हें.
गोष्टीचा तास. बाईंनी दोन आयांचं पुस्तक वाचलं. एक मुलगी आणि तिच्या दोन आया, आंबे खातात, भांडतात, सहलीला जातात.
"ह्यांचे बाबा कुठायत?" एकानं विचारलं.
"नसतील," दुसरा म्हणाला. "माझे पण दुबईला असतात."
"आमच्याकडे तर नुसते नाना-नानी."
बाई थांबल्या. "सभा आटोपली असेल तर पान उलटू का?"
हसलो. बऱ्याच दिवसांनी. पुस्तकाची शिवण उसवली होती. शिवायला घरी आणलं.

रवि., ९ नोव्हें.
नीट लिहितो.
दुपारी दादानं मंडळाच्या पोरांना मटणाला बोलावलं होतं. बिल्डर आप्पाही होते, दादाच्या साइटचे मालक. ओवी भाकऱ्या वाढत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, तुमची लाल वाफ आईच्याच अंगावर का जाती? आप्पांच्या का नाय जात?"
मंडळाचा एक पोरगा म्हणाला, "वैनी, वाफ घेताय व्हय? सर्दी झाली का?" सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त हसला. नंतर काय होणार, ते मला तेव्हाच कळलं.
पाहुणे गेले. दादानं स्वयंपाकघरात वहिनीचे केस धरले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. मग कुकरचं झाकण घेतलं. वहिनी ओरडत नाही, ती फक्त चेहरा झाकते. मी दारात. "दादा, पुरे" म्हणालो. एवढंच. त्याचं कोपर बसलं, माझा ओठ फुटला. ओवी पलंगाखाली.
"कुठंय ते पुस्तक?"
माझी पिशवी उपडी केली. सगळी खाकी, सगळी सारखी. चिठ्ठ्या वाचायचा धीर नव्हता त्याला. एकेक उघडून भिंतीवर फेकत गेला. मग दोन आयांचं हाताला लागलं. ते मात्र पानन् पान बघितलं. "ह्यात बाप कुठंय रं?"
आणि एकदम शांत झाला. पुस्तक टेबलावर ठेवून फोननं फोटो काढायला लागला, एकेक पान, सावली पडू न देता. मारत होता त्यापेक्षा तेव्हा जास्त भ्यालो.
पुस्तक गाडीत टाकलं. वाफेचं सापडलं नाही. कुठं आहे ते कुणी बोललं नाही.

सोम., १० नोव्हें.
फोटो दादाच्या मंडळाच्या ग्रुपवर. खाली लिहिलंय, "लहान पोरांना हे शिकवतात. आपण झोपा काढा." वाचनालयाचा पत्ता दिलाय. लाल वाफेबद्दल अक्षर नाही.
वहिनी डोक्याला स्कार्फ बांधून शेजारच्या काकूंना सांगत होती, बाथरूममध्ये पाय घसरला. काकू म्हणाल्या, "तुमचं बाथरूम लई घसरडं बाई. फरशी बदला की."
बाईंना म्हटलं, चार दिवस बंद ठेवू. "का? कोणी गेलंय का?" फोटोंचं सांगितलं. फोटो कुणी काढले ते नाही सांगितलं.
बाई म्हणाल्या, "येऊ दे. वाचतील तेवढंच."

बुध., १२ नोव्हें.
आले.
दुपारी. बाई चहा टाकत होत्या, मी कटरनं कव्हरं कापत होतो. मुलं नव्हती, देवाची कृपा. शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरले, तोंडाला रुमाल, हातात दांडकी.
"कुठंय ते दोन आयांचं?"
बाई म्हणाल्या, "सभासद आहात का? नसाल तर आधी चपला बाहेर."
मांडणी ओढून पाडली. शोधायला लागले. एक उघडलं, टाकलं. दुसरं उघडलं, टाकलं.
"च्यायला, सगळी सारखीच दिसत्यात."
"मग सगळीच फाडा."
फाडली. हत्तीचं पुस्तक मधोमध. आजीचं उभं. घाबरट ससा नुसता मुठीत चुरगाळला. एकासाठी आले होते, माझ्या कव्हरांनी त्यांच्या हातात सगळी दिली. बाई एक पुस्तक छातीशी धरून मध्ये उभ्या राहिल्या तर दांडकं हातावर बसलं. हाडाचा आवाज झाला. तो लिहिता येत नाही.
मी कटर घेऊन उठलो. पातं पूर्ण बाहेर काढलेलं. दांडकंवाल्याच्या पोटाला टेकवलं. शर्टाचं सूत तुटलं, ते दिसलं. तो हलला नाही. रुमालातून हळूच म्हणाला, "बारक्या, ठिव खाली."
ठेवलं.
मला बारक्या म्हणणारा एकच माणूस आहे.
दोन आयांचं पुस्तक तिथं नव्हतंच. रविवारपासून दादाच्याच गाडीत आहे. त्याला ते नकोच होतं. पोरांना एक सांगून आणलं आणि स्वतः वाफेचं शोधत होता. तेही तिथं नव्हतं.

गुरु., १३ नोव्हें.
हॉस्पिटल. बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये. हवालदार जबाब घ्यायला आला. बाई म्हणाल्या, "मी चष्मा काढला होता." खोटं. चष्मा होता, फुटलेला मीच उचलला. हवालदारानं मला विचारलं. म्हटलं, रुमाल होते सगळ्यांच्या तोंडाला. हे मात्र खरं होतं.
तो गेल्यावर बाई छताकडे बघत म्हणाल्या, "बारक्या कोण हो?"
मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.
"ओळखण्याचं काम माझं नाही. तुमचं आहे. मला फक्त पुस्तकं पुन्हा आणायचीयेत. आणि या खेपेला खाकी नको."

शुक्र., १४ नोव्हें.
दादानं माझ्यासाठी जिलबी आणली. ताटात स्वतः वाढली. "तुला हात लावू नका म्हणून सांगितलं हुतं मी पोरांना. लागलं नाय ना?"
म्हटलं, नाही.
"म्हातारीला मारायचं नव्हतं. मधी आली." मग वहिनीला, "मीठ कुठंय गं?"
जेवताना त्याची मान बघत होतो. कटर खिशात होता. मानेवरची शीर घास गिळताना वर येते. हे लिहून ठेवतो, लिहिलं की हात थांबतो. मलाही वाफ आहे, हे कुणाला सांगू.
जिलबी खाल्ली. गोड लागली, याची लाज वाटते.

शनि., १५ नोव्हें.
सकाळी ओवी पलंगाखाली बसून वाचत होती. मोठ्यानं. तिला हळू वाचता येत नाही. दादानं पाय धरून बाहेर ओढली. पुस्तक दे म्हणाला. तिनं फ्रॉकमध्ये घातलं आणि पोटावर पालथी झाली. उताणी केली, कानशिलात मारली. आजवर तिला कधी मारलं नव्हतं. डोकं पलंगाच्या पायावर आदळलं. वहिनी मध्ये पडली, तिला लाथ. मी दादाच्या पाठीवर झेप घेतली, दंडाला चावलो. होय, चावलो. रक्ताची चव आली. भिंतीवर आपटला मला. फोन आला म्हणून थांबला. साइटवर निघून गेला, बाही खाली ओढत.
पुस्तक ओवीकडेच.
वहिनी भांडी घासत बसली. ओवीच्या कानाला बर्फ लावून मी तिथंच उभा होतो. वर न बघता म्हणाली, "भाऊजी, नुसती माहेरी गेले तर चार दिवसांत हात धरून आणतोय. मागं आणलंय. तुम्ही चौकीत नाव सांगणार असाल तर मीबी माझं सांगते. नसाल तर आत्ताच सांगा, डाळ शिजत लावते."
तो माझा भाऊ आहे. आई-बाबा गेल्यावर त्यानंच वाढवलं. बारावी राहिली तेव्हा मारलं नाही, पाठीवर हात ठेवला होता.
म्हटलं, डाळ नका लावू.

रवि., १६ नोव्हें.
चौकीतल्या बाकावर. वहिनी, मध्ये ओवी, मी. साहेब जेवायला गेलेत. हवालदार म्हणाला, "घरचं आहे, घरात मिटवा की." वहिनीनं स्कार्फ सोडला आणि डोकं त्याच्याकडे वळवलं. तो कुणाला तरी फोन करायला आत गेला.
ओवीनं पुस्तकाचं खाकी कव्हर काढून घडी करून माझ्या खिशात घातलं. "वाफ दिसायला पायजे ना, काका." कान अजून सुजलेला आहे. बोट ठेवून वाचतेय, मोठ्यानं. मांजराच्या पानावर आलीय.
बाहेर गाडीचं दार आपटलं. तो आवाज झोपेतही ओळखेन. हवालदारानं फोन कुणाला केला, ते आता कळलं.
ओवीचं बोट थांबलं. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.
वहिनी उठली नाही. ओवी उठली नाही. मीही बसूनच लिहितोय.