दोन माणसं, एक बर्थ

४ मार्च

एक बर्थ! दोन माणसं, दोन रात्रींचा प्रवास, आणि हे एकच बर्थ काढून आले! वर मलाच समजावतात — "अगं, तू रात्री झोप, मी दिवसा झोपेन. घरी काय वेगळं करतो?"

हसावं की रडावं! पण चूक तरी कशी म्हणू? लग्न झाल्यापासून ह्यांची बेकरी रात्रीची आणि माझी चष्म्याच्या दुकानातली नोकरी दिवसाची. मी उठले की हे आडवे. मी घरी आले की ह्यांची निघायची घाई. आमच्या घरचा पलंग कधी गार पडलेला नाही. लेक झाली हेच नवल, असं वन्सं म्हणतात. नणंद असली तरी तोंडाला काही कुंपण नाही.

तिकीट परत करायचं. आता मी निवडणार डबा.

५ मार्च

काल रात्री हे कपाट पुसत होते. आधी डाळीचे डबे रिकामे करून पुन्हा भरले. परवा तर कणीक मळून ठेवली — परातभर! कोण खाणार?

डॉक्टरांनी बजावलंय, पिठाची धूळ छातीत बसली आहे, आता भट्टी पुरे. म्हणून नुकतीच पुतण्याच्या हाती दिली. पण कायमची नाही! "रात्री झोप लागली तर ठीक, नाहीतर मी परत उभा राहणार. जागंच राहायचं तर काम करत राहीन," हे ह्यांचं म्हणणं. पुतण्या बिचारा अधांतरी. लेकीकडे पोचलो की पक्कं सांगतो, असं ह्यांनी त्याला कबूल केलंय.

म्हणजे गाडीतच काय तो निकाल लागणार. ह्यांना झोप लागेल असा डबा मिळाला पाहिजे. माझा नवरा मला हवाय, खोकत भट्टीपुढे उभा असलेला नको.

६ मार्च

आज दुकानात ज्याच्या नाकावर चष्मा ठेवला त्याला विचारलं. मालक वैतागले. "बाई, नंबर तपासता की प्रवासाची चौकशी करता?" आणि मग स्वतःच अर्धा तास बोलले! म्हणे चाकांवरचा बर्थ घेऊ नका, संडासाजवळचा तर मुळीच नको.

वन्सं म्हणतात सहा जणांचा घ्या, गप्पा होतात. गप्पा झाल्या तर झोपणार कधी? गाडीवर पूर्वी गार्ड असलेले एक आजोबा आले होते. ते म्हणाले, "दोघांचा कुपे घ्या. दार लावलं की जग बाहेर."

चार मतं ऐकली आणि डोक्याचा भुगा झाला.

८ मार्च

तिकिटाच्या खिडकीवर गेलो. कुपे शिल्लक होता. चौघांच्या डब्यातही दोन जागा होत्या.

खरं लिहायचं तर मी कचरले. दार लावलं की आम्ही दोघंच. दोन रात्री! बोलायचं काय? आमचं सगळं बोलणं उंबऱ्यावरचं — "दूध तापवलंय", "गॅस संपत आलाय", "छत्री घे". अख्खी रात्र एकमेकांसमोर काढायची मला भीती वाटली. स्वतःच्या नवऱ्याची भीती, ह्या वयात! मागे रांग ओरडायला लागली.

"कुपे द्या," मी म्हटलं. झालं.

मग वर कोण, खाली कोण! हे म्हणाले, "मी खाली. भट्टीत वरच्या फळीवरचा पाव आधी करपतो." म्हणजे मी करपू? माझ्या गुडघ्यांचं काय? खिडकीतला माणूस हसून हसून लाल झाला. शेवटी हे वर, मी खाली.

१० मार्च

आज पहाटेपर्यंत पातेल्यांचा आवाज. कुपे, तू तरी पाव.

१३ मार्च

दुकानातून जाड काळं कापड आणलं, खिडकीला लावायला. वन्संनी पायांना चोळायला तेल दिलं. हे म्हणतात, "मला गाडीत झोपवताय की माझी पाठवणी करताय?" हसतात, पण मनातून धास्तावलेत. रात्र झाली की चेहरा उतरतो.

१५ मार्च, गाडीत

लागली नाही. काळं कापड, तेल, दार बंद — डोळ्याला डोळा नाही.

मला जाग आली तेव्हा हे खाली उतरून माझ्या पायाशी बसले होते. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "तू झोपेत हसतेस."

मी! झोपेत हसते! इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार?

मग काय, उजाडेपर्यंत बोलत बसलो. ह्यांना माझे मालक बदललेले ठाऊक नव्हते. मला ठाऊक नव्हतं की हे पिठाशी बोलतात — पीठ फुगलं नाही तर चक्क शिव्या देतात, आणि फुगलं की शाबास म्हणतात. मी इतकी हसले की शेजारच्या कुप्यातून भिंतीवर थाप पडली. बोलायला विषय नाही म्हणून घाबरणारी ती कोण बाई होती?

पण चहा घेताना म्हणालेच. "जमत नाही गं. उद्या उतरलो की पुतण्याला कळवतो. भट्टी माझ्या नशिबातच आहे."

मी भडकले. "जा खुशाल! छाती फुटेपर्यंत जा!" म्हटलं. मग रडूच आलं. दिवसा झोपू दिलं नाही मी त्यांना — पेंगले की चिमटा काढला. पत्ते खेळलो, हरले तरी पुन्हा डाव मांडायला लावला. आजची एकच रात्र हातात आहे.

१६ मार्च

हे कुठलं स्टेशन, देव जाणे! आपलं कधीच मागे पडलं. गाडी इथेच संपते, म्हणून झाडूवाल्याने दार ठोठावून उठवलं. गजर लावला नव्हता — रात्रभर टक्क जागा राहणारा माणूस सोबत असताना गजर कोण लावतं?

लेक तिकडे फलाटावर उभी राहून फोनवर फोन करतेय. मी तिला काय सांगावं ह्या विचारात, आणि हे बाकावर बसलेत, गालावर उशीचे वळ, केस उभे. फोन लावला तो पुतण्याला. "भट्टी तुझी रे, बाबा. आम्ही दोघंही झोपून राहिलो!"