अकताऊच्या वाटेवर सूर्य बुडेना

अकताऊ, रमजानचा सोळावा रोजा

वडीलधाऱ्या थोरल्या जाऊबाई झिलिखा आपा यांना धाकट्या कुल्यानचा आदराचा सलाम. तिकडे गुरंढोरं, माणसं खुशाल ना? करड्या घोडीचा पाय सुधारला का? तुमच्या गुडघ्याचंही कळवा (घोडीनंतर विचारते म्हणून रागावू नका, रीतच तशी आहे). मी अक्बोताकडे सुखरूप पोचले. लेक, जावई, नात सगळी मजेत आहेत, अल्लाहची मेहेरबानी. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही अर्ध्यातच हसायला लागता, म्हणून लिहिते.

अक्बोता सुखरूप बाळंत झाली तर तीस रोजे एकही न मोडता धरीन, असं मी बोलले होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. (मौलवी म्हणाले, प्रवाशाला सूट असते, मागून भरून काढा. पण सूट बाजारात घ्यावी, नवसात नाही.) म्हणून निघण्याआधी वहीत सगळं मांडून घेतलं. अल्माटीहून अकताऊ पश्चिमेला दोन हजार किलोमीटर, विमानाला सव्वातीन तास. चारला सुटायचं, सहाला रोजा सोडायचा, मग तासभर डुलकी. हल्ली सगळ्या देशाचं घड्याळ एकच केलंय, तेव्हा आपल्या मशिदीतला वेळांचा कागदच सोबत घेतला. पाचला विमानात जेवण आलं, ते पिशवीत बांधून ठेवलं. सहाच्या ठोक्याला बिस्मिल्ला म्हणून खजूर ओठाशी नेला, तोच शेजारचे अकताऊचे म्हातारबाबा खेकसले, "सूनबाई, आधी खिडकीबाहेर बघ!"

बघते तर सूर्य ढगांवर ऐटीत बसलेला!

मी कागद पुढे केला. "बाबा, सहा वाजले की! घड्याळ एकच आहे ना?"

"घड्याळ सरकारचं आहे गं. सूर्य कुणाचं ऐकतो? तो पुढे पळतोय अन् आपण त्याच्या मागे. तुमच्याकडे लोक जेवून हात धुतात ना, तेव्हा आमच्याकडे उन्हात कपडे वाळत असतात!"

एवढं बोलून (त्यांचाही रोजाच होता) ते खुशाल घोरायला लागले. माझी मात्र चुलीवरच्या दुधावर असावी तशी नजर सूर्यावर. साडेसहा झाले, सात झाले, पिशवीतली कोंबडी दरवळू लागली, जपमाळेचे मणी दोनदा चुकले. विमान उतरलं तरी तो होताच! अक्बोता धावत येऊन गळ्यात पडली, तर मी आधी तिला विचारलं, "मावळला का गं?" शेवटी जावयाने गाडी समुद्राकाठी थांबवली. पावणेआठला तो पाण्यात बुडाला, तेव्हा खजूर तोंडात गेला. इतका गोड खजूर जन्मात खाल्ला नव्हता. रोजा शाबूत, नवस शाबूत. सव्वातेरा तासांचा रोजा पंधरा तासांचा झाला, पण अल्लाहच्या दारी मिनिटं मोजू नयेत, एवढं त्या विमानाने मला शिकवलं.

तुमची धाकटी,
कुल्यान

ता.क. तुमच्या लेकाने, येरसुलतानने, माझं परतीचं तिकीट ईदनंतरचं काढलंय. ते बदलून तेविसाव्या रोजाचं, दुपारचं घ्यायला सांगा. नातीच्या जन्माचा चाळिसावा दिवस रविवारीच आहे, तो सोहळा उरकून निघते. ईद झिलिखा आपांशिवाय गोड लागत नाही, असं अक्बोताला सांगितलंय.

आणखी एक. ते खरंच आहे. शिवाय पहाटेची सेहरी अकताऊची उशिराची आणि रोजा सोडायचा अल्माटीला लवकर, असं वहीत मांडून पाहिलंय. येताना गेलेले पावणेदोन तास जाताना पुरेपूर परत मिळतात. तिकीट खिडकीजवळचं घ्या, या खेपेला सूर्य पळताना मला बघायचाय.