डावीकडून मोकळं आहे

३ मार्च, सकाळ
लेकीचा परदेशातून फोन. सातवा महिना संपत आला. जावई बोटीवर, जूनशिवाय उतरत नाही. जाताना गाडी बंदरात लावून गेला आणि चावी खिशात घालून. हुशार माणूस. दवाखाना तिच्या घरापासून चाळीस किलोमीटर खाली, सगळा घाट. टॅक्सीला तासभर आधी सांगावं लागतं म्हणे. कळा काही तासभर आधी सांगून येत नाहीत. शेजारीण म्हणाली होती, मी नेईन. लेकीने तिला सांगून टाकलं, कशाला, माझी आई येतेय, ती चालवते.
ठरलं. विमानतळावरच भाड्याची गाडी घ्यायची, बाळ होईपर्यंत ठेवायची. बाळंतिणीला मीच नेणार.
आजपासून रोज लिहायचं. वही कुणाला दाखवायची नाही. धाकटीला तर नाहीच. तीही येतेय माझ्याबरोबर. माझी धाकटी जाऊ, राहते खालच्या मजल्यावर, पण तिचं नाक कायम वरच्या मजल्यावर.

५ मार्च
टूरवालीकडे गेले. तिने बोटांवर मोजून सांगितलं. इकडचं लायसन्स, मूळ, झेरॉक्स नाही. सोबत आंतरराष्ट्रीय परमिट, ते इथूनच काढून न्यायचं, तिकडे गेल्यावर मिळत नाही. नुसतं परमिट म्हणजे रद्दी, लायसन्स बरोबर नसेल तर कुणी विचारत नाही. लायसन्स निदान वर्षभर जुनं हवं. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. आणि काही कंपन्या सत्तरीच्या पुढच्यांना गाडी देत नाहीत. हे सांगताना माझ्याकडे बघितलं तिने. म्हटलं, मला सहासष्ट, तुम्हाला किती?
लायसन्स सदतीस वर्षं जुनं आहे माझं. टूरवालीपेक्षा मोठं. फक्त मेमध्ये संपतंय, म्हणून आधी नवं करायचं. त्याला डॉक्टरचा सही-शिक्का.
ह्यांनी शिकवलं गावच्या मैदानात, मालाच्या टेंपोवर. सातवी शिकलेली बाई टेंपो चालवते म्हणून बघायला माणसं यायची. हे डाव्या बाजूला बसून सांगायचे, डावीकडून मोकळं आहे. तसं म्हटल्याशिवाय मी कधी वळलेच नाही. आमच्या घरात तोच कायदा. बाजूला जो बसेल त्याने सांगायचं. लेक बोलायला लागली ती आई, बाबा आणि मोकळं आहे. हे जाऊन चार वर्षं झाली, आता धाकटी सांगते. अजून एकदाही चुकली नाही. कौतुक तोंडावर करत नाही, डोक्यावर बसेल.

८ मार्च
सोसायटीने गेटचा खांब पुढे घेतला. कुणाला विचारलं नाही. डावा आरसा गेला माझा. सेक्रेटरी म्हणतो, खांब बारा वर्षं तिथेच आहे. बारा वर्षं तिथे होता तर आजच कसा लागला? लेखी तक्रार करणार.

११ मार्च
धाकटीने ओढत चष्मेवाल्याकडे नेलं. चष्म्याचा नंबर तोच निघाला. मी म्हटलं, चला, झालं. पण त्याला चैन पडेना. म्हणाला, माझ्या नाकाकडे बघा आणि बाजूला बोटं किती ते सांगा. नाक बघण्यासारखंच होतं. बोटं काही त्याने दाखवली नाहीत, आणि विचारतोय किती. मी दरवेळी दोन म्हटलं. थट्टेला थट्टा. तो हसला नाही. चिठ्ठी लिहिली, मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवा, याच आठवड्यात. अक्षर असं की मुंग्या मरून पडल्यात. चष्मा खपला नाही की हे लोक दवाखाना दाखवतात. चिठ्ठी कागदांच्या फाइलमध्ये सगळ्यात मागे ठेवली.
आधी परमिट. डोळे काय, कुठे पळून जातायत.

१४ मार्च
आमचे डॉक्टर. तीस वर्षं भिंतीवर तोच तक्ता. ह्यांच्या लायसन्सच्या वेळी मी बाकावर बसून इतक्यांदा ऐकलाय की पाढ्यासारखा पाठ. तरी सरळ समोरून वाचला, शेवटची बारकी ओळसुद्धा. अगदी स्वच्छ दिसली. मग डोळे मिटून पुन्हा म्हणून दाखवला. डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, वहिनी, तुम्ही काही सुधारणार नाही. सही केली, शिक्का मारला.
धाकटी दारात उभी होती. ती नाही हसली. म्हणाली, डॉक्टर, समोरचं सगळंच दिसतं हो ताईंना. डॉक्टर म्हणाले, मग आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, बरोबर आहे. गाडी पुढेच जाते.

१७ मार्च
दूधवाला सायकलसकट पडला. मी वळले, धाकटी बाजूला नव्हती, तो कुठून आला कोण जाणे. गुडघा सोलला त्याचा, जास्त काही नाही. दूध मात्र नाल्यापर्यंत गेलं. हल्ली सगळी गल्ली चोरपावलांनी चालायला लागलीय. कुणी समोरून येतच नाही, एकदम उगवतात. काल मास्तरीणबाई उगवल्या, आज दूधवाला.
संकल्प: धाकटीशिवाय गाडी काढायची नाही. म्हणजे भीती म्हणून नाही. नियम म्हणून.

१८ मार्च
दूधवाला आता पिशवी गेटवरच टांगून जातो. माझी गाडी उभी असली तरी वळसा घालून जातो. केवढा तो मान.

२० मार्च
परमिट आलं. राखाडी पुस्तक, आत माझा फोटो, शिक्का, वर्षभराची मुदत. ह्यांच्या फोटोसमोर उघडून धरलं. म्हटलं, बघा, तुमच्या टेंपोवाल्या बायकोला आता—
संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसली. इंद्रधनुष्यासारखी, छान. बल्ब बदलायला सांगितलं तर धाकटी म्हणते, बल्ब कालच बदललाय.

२६ मार्च
तिकडे सगळं उलटं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, आणि चालवणारा आत डावीकडे बसतो. म्हणून सराव. चार खुर्च्या मांडल्या. मी डावीकडे, ताटली हे स्टिअरिंग. धाकटी माझ्या उजवीकडे. ती आता म्हणणार, उजवीकडून मोकळं आहे. दोनदा चुकून डावीकडून म्हणाली, मी तिला खाली उतरवलं.
मग म्हणते, ताई, मग तिकडे डावीकडे कोण बघणार?
म्हटलं, अगं, डावीकडे मी असेनच की.
ती ताटलीकडे बघत बसली.

२९ मार्च
आज धाकटी रडली. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. कप एकदम डावीकडून लवंडला, मी म्हटलं, कोण मेलं इथे कप ठेवतं? तर ही बाजूलाच. म्हणाली, दहा मिनिटं उभी आहे मी इथे, तुमच्या खांद्याला खांदा लावून. मी म्हटलं, मग बोलायचं नाही का, भुतासारखी उभी राहतेस. तर डोळे पुसायला लागली. रडण्यासारखं काय आहे यात, तिचंही तिकीट कन्फर्म आहे.
मग म्हणाली, मी लेकीला फोन करून सांगते. मी विचारलं, काय सांगणार? आठव्या महिन्यात पोरीला काळजी लावणार? तिला काही झालं तर तुझ्या माथी. तिने फोन खाली ठेवला.
घराच्या दारांनीही माझ्याशी वैर धरलंय. डावा खांदा काळानिळा.

२ एप्रिल
लेकीचा फोन. बाळ आठवडाभर आधीही येईल म्हणतात. शेजारणीने पुन्हा विचारलं, हिने पुन्हा नको सांगितलं. मग हळूच म्हणाली, आई, खरं सांग, घाट जमेल ना? खाली दरी आहे, कठडा सगळीकडे नाही.
मी म्हटलं, डोळे मिटून.
खूप हसली. बरं वाटलं. तिच्या बापानंतर असं हसली नव्हती.
धाकटी तेव्हा कपडे घडी करत होती. एकच टॉवेल चारदा घडी केला.

७ एप्रिल
फाइल तयार. लायसन्स, परमिट, कार्ड, पासपोर्ट. धाकटी फाइल चाळत होती, चिठ्ठी हातात घेऊन बसली. म्हटलं, ठेव जागेवर. म्हणाली, याच आठवड्यात लिहिलंय, ते आठवडे चार झाले. म्हटलं, बाळाचं बारसं झालं की त्याच दिवशी जाऊ. ठेवली. पण मागे नाही, सगळ्यात वर ठेवली. मी परत मागे केली.

१० एप्रिल, सकाळ, विमानतळ
गाडीवाल्यांच्या काउंटरसमोर बसून लिहितेय. टाय घातलेला माणूस एकेक कागद दिव्याखाली धरून बघतोय. परमिट उलटलं, लायसन्सचा फोटो आणि माझं तोंड ताडून बघितलं, कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवलं. सदतीस वर्षांचं लायसन्स बघून भुवया वर. खोट काढायला जागाच नाही. मी धाकटीला म्हटलं, बघ. ती म्हणाली, तो कागद तपासतोय ताई, तुम्हाला नाही.
मत्सर. दुसरं काय.
चावी दिली. पांढरी गाडी. लेकीला कळवलं, तीन तासांत पोचते, भात लाव.

१० एप्रिल, दुपार, तोच बाक
गाडी गेली ती अकरा पावलं. धाकटीने मोजली.
मी गाडी काढली. धाकटी म्हणाली, उजवीकडून मोकळं आहे. होतंच मोकळं. मी सोडली. तिने एकदम हँडब्रेक ओढला, तिला तो कसा ओढतात तेही माहीत नाही, दोन्ही हातांनी ओढला. खाली काहीतरी फुटल्यासारखा आवाज.
बॅग होती. फक्त बॅग. डावीकडून एक बाई ट्रॉली ढकलत येत होती. ट्रॉलीवर बॅगा, वरच्या बॅगेवर तिचं पोर बसलेलं. बाईने गाडी बघितली आणि पोर उचललं. मग ट्रॉली आली चाकाखाली.
ती बाई कुठून आली कोण जा

धाकटीने चावी परत दिली. टायवाल्याने विचारलं, गाडीत काही बिघाड होता का? तिने मानेनेच नाही म्हटलं. ती बाई माझ्याकडे बघत मागे सरकली. पोराला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं.
लेकीला फोन धाकटीनेच केला. सगळं सांगितलं. मी थांबवलं नाही.

११ एप्रिल
हे अक्षर धाकटीचं. मी सांगतेय, ती लिहितेय. म्हणून वही तिच्या हातात आहे, नाइलाज. तिला म्हटलं होतं, मागची पानं वाचायची नाहीत. ती म्हणाली, वाचायचं म्हटलं तरी वाचता येत नाही ताई, ओळी डाव्या समासातून बाहेर गेल्यात, आणि वीस तारखेच्या पानावर दोन दिवस एकावर एक लिहिलेत. मी म्हटलं, मग कौतुकाचं वाचलं नाहीस. म्हणाली, ते वाचलं.
चिठ्ठी लेकीने वाचली, काचबिंदूचा संशय लिहिलाय. इथल्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली. बाजूचं जे गेलं ते येत नाही म्हणे, उरलंय ते टिकवायचं. लवकर दाखवलं असतं तर जास्त उरलं असतं, हे कुणी बोललं नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. शेजारणीला विचारलं. ती हो म्हणाली. ती दोघींना नेणार, एकीला डोळ्याला, एकीला बाळंतपणाला. जमलं तर एकाच फेरीत.
कालचं राहिलं. तेही लिही, धाकटे.
काल न्यायला लेक स्वतः आली, शेजारणीची गाडी मागून घेऊन, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, सगळा घाट उतरून. मला ओरडली नाही. ओरडली असती तर काहीतरी उत्तर दिलं असतं. मला पुढे बसवलं, तिच्या उजवीकडे, पट्टा तिनेच लावला. पार्किंगमधून निघालो, मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली. आणि सवयीने, समोरच बघत, विचारलं, आई, तुझ्याकडून मोकळं आहे?
सदतीस वर्षांचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तोंड उघडलंसुद्धा.
म्हटलं, मला नाही दिसत गं. तू बघ.
तिने मान वळवली. मग माझ्या बाजूने बस गेली. लांबलचक बस, संपता संपेना.