रोज अर्धा किलो

ता. ६, सोमवार, सकाळी

थोरल्या वन्संना नमस्कार.

नाही हो, तुम्ही मागितलेला वजनकाटा बिघडलेला नाही. द्यायला मी मागेपुढे करतेय हे मात्र तुम्ही बरोबर ओळखलंत. तुमच्या मालकांचंही लिव्हर बिघडलं, पोटात पाणी झालं, तीच लघवीची गोळी सुरू झाली, हे वाचलं आणि मी ओट्याशीच बसून राहिले. मेव्हण्याची एवढी एकच गोष्ट उचलायची होती का त्यांना?

ऐका. रोज सकाळी लघवी झाली की चहाच्या आधी, त्याच कपड्यांत काट्यावर उभं करायचं. शिंप्याच्या टेपने बेंबीवरून पोट मोजायचं. मीठ जवळजवळ बंद. तोंड वाकडं करतील, करू द्या, तुमच्या हातचं जेवून सवय आहे त्यांना. दिवसाला अर्धा किलो उतरलं की बास, भराभर उतरलं तर डॉक्टरांना कळवा. आमच्या ह्यांचं सव्वीस दिवसांत तेरा किलो गेलं. पोटाचा नगारा बसला, आपल्या हाताने चपला घालायला लागले.

आता काट्याचं. हे गेल्यावर एके सकाळी मी सहज उभी राहिले. अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी साडेअठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी एकोणपन्नास. म्हटलं, नवरा गेला आणि बाई अंगाला लागली, लोकांना बोलायला विषय झाला. पण ब्लाउज तर ढगळ होत चाललेत. काटेवाल्याला बोलावलं. त्याने लोखंडी वजनं ठेवून पाहिली, बरोबर. दूधवाली उभी राहिली, बरोबर. मी उभी राहिले की वाढीव. काटेवाला खाली माझ्या पायांकडे बघत राहिला आणि केलेला चहा न पिताच गेला.

आज साडेसाठ भरलं. म्हणजे साडेबारा परत आलं. उद्या तेरा पुरं होईल. परवाचं मला माहीत नाही.

काट्यावर असताना माझ्या डाव्या पावलाला एक गार, सुजलेलं पाऊल लागतं. काल मी म्हटलं, सरका जरा, तेवढी जागा नाही दोघांना. तर सरकलं, वन्सं.

म्हणून हा काटा नको. तुमचे मालक त्यावर एकटेच उभे राहतील याची खात्री मी देऊ शकत नाही. नवा घ्या.

आणखी एक राहिलं. राहिलं कसलं, मीच टाळत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, माणूस बरळायला लागला, भर दिवसा पेंगायला लागला, लघवी कमी झाली, तर गोळी बंद करा आणि त्याच घडीला घेऊन या. तुम्ही मला विचारलं होतं, शेवटी तो बरळत होता का. मी म्हटलं, नाही, शांत होते.

बरळत होते. बाविसाव्या दिवसापासून. माझा हात धरून म्हणाले, "किती गोड दिसतेस गं. कुणाची तू?"

एकतीस वर्षांत ह्यांनी मला 'अगं'च्या पुढे हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "तुमचीच." तर लाजले.

तुमचे मालक गोड बोलायला लागले तर ऐकत बसू नका. उचला आणि दवाखान्यात न्या.

मी चार दिवस ऐकत बसले. सगळं कळत होतं मला. तसंच बोलत राहावेत म्हणून रोज सकाळी मीच गोळी भरवत राहिले.

तुमच्या भावाची बायको