निरोगी नमुना क्रमांक सतरा

८ जानेवारी, सकाळ
आजचा दिवस सुवर्णाक्षरांत लिहिण्याजोगा. (पेनात निळी शाई आहे, चालेल.) जुन्या लॅबमधून फोन आला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी माझ्यावाचून अडतंच! फोन मुंगीचा. माझी शिष्या, आता लॅबची इनचार्ज. गप्प आणि चिवट, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरची खूण रक्तात शोधायचं नवं किट आलंय. ते वापरण्याआधी वीस ठणठणीत माणसांचं रक्त तपासून पाहायचं, म्हणजे निरोगी आकडा कुठवर जातो ते समजतं. म्हणाली, सर, साठीच्या पुढचं धडधाकट कुणी मिळेना, तुमच्या ओळखीत आहे का कोणी? म्हटलं, आहे. मी.
तिने दोनदा विचारलं, तुम्ही, सर? आदराने असेल.
जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, धडधाकट? मग दिवसभर भिंती हादरतात त्या कशाने? म्हटलं, धुळीचा खोकला आहे. तर म्हणे, धूळ दोन महिने तुमच्याच घशात बरी मुक्कामाला येते, मीही याच घरात राहते. चाळीस वर्षांच्या संसारात हिला द्यायचं उत्तर मला कधी वेळेवर सुचलेलं नाही. उद्या सुचेल.

९ जानेवारी
रक्त दिलं. नमुना क्रमांक सतरा. फॉर्मवर प्रश्न : धूम्रपान करता का? 'नाही' लिहिलं. लिहिताना करत नव्हतोच. तशी सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली. मधली सात सोडून.
लॅब पाहून गहिवरलो. आम्ही काचेच्या नळीतून तोंडाने ओढून मापं घ्यायचो, आता सगळं यंत्र करतं. भिंतीवर माझ्या हातची पाटी मात्र अजून आहे : 'नळी उघडी, तोंड बंद.' बोलताना थुंकीचा बारीक तुषार नमुन्यात उडाला की घोटाळा, आणि ही नवी खूण तर थुंकीतही असते, आकडा फुगतो. मुंगी माझं सीरम छोट्या नळीत भरत होती. रक्त निवळल्यावर वर उरणारं ते सोनेरी पाणी पाहून शाळेतली एक सांजवेळेची कविता आठवली. चालीवर म्हटली, चारही कडवी. मुंगी मास्कमागून नुसती बघत राहिली. गुरूला गप्प कोण बसवणार?
संकल्प : रोज पहाटे फिरायला जाणे. उद्यापासून.

१० जानेवारी
थंडी फार. परवापासून.

११ जानेवारी, दुपारी ३
मुंगीचा फोन. सर, तुमचा नमुना यादीतून वगळावा लागतोय. बाकी सगळे साडेतीनच्या आत, माझा एकट्याचा अकरा पूर्णांक आठ. अपमान! एकतीस वर्षं जिथे हाडं झिजवली, तिथेच निरोगीपणात नापास! म्हणाली, एवढ्यावरून निदान होत नाही हे तुम्हीच शिकवलंत, पण छातीचा स्कॅन करून घ्या. दिवस ठरवू का? म्हटलं, बाई गं, आधी नमुना बघ. उघड्या नळीवर मी चार कडवी म्हटली. तो आकडा माझ्या रक्ताचा नाही, कवितेचा आहे.
आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद नोकरीत कधी झाला नव्हता.
ही विचारत होती, काय म्हणाली मुंगी? म्हटलं, फर्स्ट क्लास. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

१२ जानेवारी
पुन्हा रक्त. मी दारातच उभा, तोंडावर दोन मास्क, जिभेला कुलूप. पाऊण तास एक ओळ म्हटली नाही. संध्याकाळी आकडा कळला. बारा पूर्णांक एक.
मास्क हलक्या प्रतीचे असावेत.

१३ जानेवारी
जुन्या वह्या उपसल्या. सापडलं! मूत्रपिंड मंद असलं तरी ही खूण रक्तात साचते. देव पावला. तेव्हापासून कंबरही दुखू लागली. मुंगीकडून मूत्रपिंडाची तपासणी करवून घेतली.
सायंकाळी : मूत्रपिंड उत्तम. मुंगी म्हणाली, विशीतल्या माणसासारखं, सर. नॉर्मल रिपोर्ट वाचून हिरमुसण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.
फिरणं : जिन्यापर्यंत. पायऱ्या हल्ली उंच वाटतात. दुरुस्तीत वाढवल्या असतील.

१५ जानेवारी
सांगायची वेळ आलीच, तर हिला कवितेतून सांगावं म्हणतो. हळुवार. सुरुवात झाडापानांतून, तिसऱ्या कडव्यात फुप्फुस. 'फुप्फुस'ला यमक मिळेना. 'कापूस' लिहिलं, खोडलं. दोन कडव्यांवरच थांबलो. त्यात झाडंच झाडं झाली आहेत.

१६ जानेवारी
हुकमाचा एक्का आठवला. काहींच्या रक्तात असं काही असतं की किट फसतं. ओळखायची युक्ती सोपी : नमुना पातळ करत जायचा. आकडा खरा असेल तर निम्म्याला निम्मा, पावाला पाव होतो. खोटा असेल तर वेडावाकडा पळतो. हे मुंगीला मीच शिकवलं, ती नवी असताना, रडवून. आज ती म्हणाली, सर, नको ना. कशाला? सरळ स्कॅन करू. मी आवाज चढवला, इथे इनचार्ज कोण आहे? ती म्हणाली, मी आहे, सर. आणि मुकाट्याने पिपेट उचललं.
आकडा पळणार. खात्री आहे.

१७ जानेवारी
निम्मा : सहा. पाव : तीन. अष्टमांश : दीड.
मुंगीने आलेख काढून हातात दिला. मूळ आकड्यासकट चार ठिपके, आणि त्यांतून पट्टीने आखावी तशी रेषा. चष्मा पुसून पाहिला. एकही ठिपका हललेला नाही. इतकं चोख काम माझ्या हातून कधी झालं नाही, तसं तिला बोलूनही दाखवलं. ती पाठ फिरवून नळ्या धुऊ लागली. नळ्या आता कोणी धूत नाही, वापरून टाकून देतात.

१८ जानेवारी, सकाळ
हिला सांगितलं. गद्यात, तेही अडखळत. ही चहा गाळत होती. म्हणाली, मला अकरा तारखेलाच कळलंय. तुमची मुंगी तुमच्याआधी मला फोन करते. उद्या दहाला नंबर लावलाय स्कॅनचा. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आठवडा झाला.
चहा थोडा कपाबाहेर गेला. तिच्या हातून कधी सांडत नाही.

१९ जानेवारी
यंत्र बोलतं. श्वास घ्या, रोखून धरा. धरला. सहा मोजेपर्यंत खोकला. पुन्हा धरला, पुन्हा खोकला. तिथली बाई म्हणाली, काका, सावकाश, घाई नाही. तिसऱ्यांदा जमलं.
बाहेर ही दोघांच्या चपला पायाशी घेऊन बसली होती. रिपोर्ट उद्या पाचला. म्हणाली, मी आणते, तुम्ही पडून राहा. म्हटलं, छे, लॅबचा माणूस मी, मीच आणतो. म्हणाली, बरं.
दारापर्यंत आलो. मग म्हटलं, नको. दोघं जाऊ.